कांद्याच्या चाळीतून कंपनीपर्यंत: स्टार्टअप उभा करताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

स्टार्टअप काढायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्या महिन्यात तीन कामं उरकतात. नाव ठरवतात, लोगो करून घेतात आणि सीए गाठून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवतात. काम सुरू झाल्यासारखं वाटतं, पण गिऱ्हाईक अजून एकही भेटलेलं नसतं. वर त्या दिवसापासून विवरणपत्रं, ऑडिटर आणि उशिराचा दंड मागे लागतो तो वेगळाच. नाशिक जिल्ह्यातल्या अशा तरुण मंडळींसोबत बसताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की इथे क्रम मुद्दाम उलटा सांगतो. कंपनी या लेखात बरीच पुढे येईल.

हवेतलं बोलणं नको म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही दोघं मित्र आहात, इंजिनिअरिंग झालंय आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवलेल्या कांद्याची सड आधी ओळखणारं यंत्र बनवायचं तुमच्या डोक्यात आहे. तुमचा विषय वेगळा असेल, तरी कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

पायरी १: अडचणीचे तुकडे करा

उन्हाळ कांदा साधारण मार्चअखेरीपासून मेपर्यंत निघतो. लगेच विकला तर भाव पडलेला असतो, म्हणून शेतकरी तो चाळीत भरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडा थोडा काढतो. या काळात बराच माल हातचा जातो. सगळे त्याला "नुकसान" म्हणतात. तुम्ही मात्र तिथे थांबू नका, कारण त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी उडून वजन कमी होतं, ती घट. पावसाळ्यातल्या दमट उष्ण हवेत बुरशी आणि जीवाणूंनी कांदा नासतो, ती सड. आणि पुढे हवा थंड व्हायला लागली की कोंब फुटतात. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. तुमचं यंत्र फार तर सडीवर काम करेल. घट त्यानं थांबणार नाही. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढे माहितीपत्रकात "नुकसान टाळा" असं छापाल आणि शेतकरी नोव्हेंबरमध्ये वजन करून तुम्हाला जाब विचारेल.

मग तुमच्या आधी कोणी काय केलंय ते शोधा. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे साठवणुकीवर वर्षानुवर्षं काम झालंय. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ पासून आहे. विकिरणानं कोंब रोखता येतात हे तिथे दाखवून झालंय. सुधारित चाळीला अनुदान मिळतं. शिवाय एक उपाय असा आहे, जो कोणत्याच अहवालात तुमचा स्पर्धक म्हणून लिहिलेला सापडणार नाही. कांदा बिघडतोय असं वाटलं की शेतकरी ट्रॅक्टर भरतो आणि मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. त्याला एक रुपयाही गुंतवावा लागत नाही. तुमची खरी स्पर्धा त्याच्याशी आहे.

पायरी २: पंचवीस चाळी बघा, आणि "घेऊ की" वर विश्वास ठेवू नका

"काका, सड आधीच कळवणारं यंत्र बनवलं तर घ्याल का?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं. "बनवा की! चांगलंय. घेऊ आम्ही." घरी आलेल्या, शिकलेल्या पोरांना कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. चहा पाजतात, पाठीवर हात ठेवतात. हा चांगुलपणा म्हणजे मागणी नाही. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त फसलेल्या प्रयत्नांची सुरुवात या "घेऊ की"पासून झाली.

पुढचं विचारू नका, झालेलं विचारा. मागच्या वर्षी किती क्विंटल भरला होता? किती निघाला? सड लागली हे कधी कळलं, कशावरून कळलं? त्या दिवशी काय केलंत? मजूर किती लागले, रोज काय दिला? ते वाचवायला आजवर कशावर पैसे खर्च केलेत? शेवटच्या प्रश्नाला "काहीच नाही" असं उत्तर पंचवीसपैकी वीस ठिकाणी आलं, तर थांबून विचार करा. ज्या दुखण्यावर माणसानं आजवर एक रुपया खर्च केला नाही, त्यावर तो तुम्हाला चार हजार देणं अवघड असतं.

शक्य तिथे चाळीत उतरा. वास घ्या. सडलेला कांदा ढिगात कुठे सापडतो, तळाशी, मध्ये की कडेला, ते हातानं बघा. घरातल्या बाईमाणसांशी बोला, कारण कांदा निवडायला बहुतेक ठिकाणी त्याच बसलेल्या असतात आणि सड कुठून सुरू होते हे त्यांना जास्त ठाऊक असतं.

या फेऱ्यांमध्ये एक अवघड प्रश्न पुढे येईल. समजा, यंत्रानं जुलैमध्ये सांगितलं की मधल्या कप्प्यात सड सुरू झालीय. शेतकऱ्यानं करायचं काय? ढीग उपसायचा, निवडायचा, परत भरायचा तर मजूर हवेत, आणि ऐन पावसात मजूर मिळत नाहीत. ज्या इशाऱ्यावर काही करता येत नाही त्याला कोणी पैसे देत नाही. मग कदाचित तुमचं उत्पादन "सड ओळखणारं यंत्र" नसून "या आठवड्यात कोणता कप्पा आधी विकायचा" हे सांगणारी सेवा असेल. असा बदल कागदावर असतानाच फुकटात होतो.

पायरी ३: एका चाळीचं गणित

हे गणित वहीच्या एका पानावर मांडा. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे आकडे पंचवीस चाळींतून येतील.

चाळ २५ टनांची, म्हणजे २५० क्विंटल. त्यातली सड २५ क्विंटल धरू. इशारा वेळेवर मिळाला आणि निम्मा माल वाचला, म्हणजे साधारण १२ क्विंटल. भाव १,५०० रुपये असेल तर १८,००० रुपये. त्यासाठी ढीग निवडायला ६,००० रुपये मजुरी गेली. राहिले १२,०००. शेतकरी त्यातला फार तर तिसरा हिस्सा तुम्हाला देईल, म्हणजे हंगामाला ४,००० रुपये. यात यंत्राचा खर्च, बसवायला जाण्या-येण्याचं पेट्रोल, बिघाड, फोन आणि तुमचा पगार बसवायचा. यंत्राला ६,००० लागत असतील आणि ते तीन हंगाम टिकत असेल, तर वर्षाला २,००० तिथेच गेले.

आता भाव ८०० रुपयांवर आणा. १२ क्विंटलचे ९,६०० आले, त्यातून मजुरी वजा करा, राहिले ३,६००. त्याचा तिसरा हिस्सा १,२००. धंदा बसला. कांद्याचा भाव पडला की तुमचं यंत्रही पडतं, हे या एका पानावरून कळतं.

इथे घाबरून सोडून द्यायचं नाही, गिऱ्हाईक बदलून बघायचं. एकाच आवारात दहा-पंधरा चाळी असलेला व्यापारी, शेतकरी उत्पादक कंपनी, किंवा नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संघांच्या सरकारी साठ्यासाठी कांदा ठेवणाऱ्या संस्था यांचं गणित वेगळं येतं. तिथे एका फेरीत पंधरा चाळी होतात, निवडीला मजूर कायम असतात आणि साठ्याचा हिशोब कोणालातरी द्यायचाच असतो. तेच पान त्यांच्यासाठी पुन्हा लिहा.

पायरी ४: यंत्र नसताना सेवा द्या

पहिल्या हंगामाच्या सुरुवातीलाच सर्किट बनवू नका. बाजारात तयार मिळणारे तापमान-आर्द्रता मोजणारे छोटे मापक घ्या आणि दहा चाळींत तीन-तीन जागी ठेवा. दोघांनी आळीपाळीनं आठवड्यातून दोनदा जाऊन आकडे लिहायचे, वास आणि ओल तपासायची आणि संध्याकाळी फोन करून सांगायचं, "आबा, पूर्वेकडचा कप्पा आधी काढा."

बाजूला एक साधा प्रयोग लावा. प्रत्येक चाळीत मोजून भरलेले काही क्रेट ठेवा आणि दर आठवड्याला तेच क्रेट वजन करा. घट किती, सड किती, कोंब किती हे वेगळं लिहा. सहा महिन्यांनी ही वही तुमची सगळ्यात मोलाची वस्तू असेल. गुंतवणूकदार, अनुदानाची समिती, पेटंट वकील, सगळे तीच मागतात.

या सेवेचे पैसे घ्या. पाचशे रुपये का होईना, आगाऊ घ्या. पाचशे रुपये देणारे दहा जण मिळाले नाहीत, तर चार हजारांचं यंत्र घेणारे शंभर मिळणार नाहीत.

एक गोष्ट मात्र शेतीत सगळ्यांना नडते. सॉफ्टवेअरवाला दर आठवड्याला प्रयोग करतो, इथे वर्षाला एकच हंगाम आहे. मे महिना हुकला की सरळ पुढचं वर्ष. म्हणून डिसेंबर-जानेवारीत भेटीगाठी, फेब्रुवारीत गणित, मार्चमध्ये आगाऊ रक्कम आणि एप्रिलमध्ये मापक चाळीत, असं वेळापत्रक मागून पुढे आखा. परीक्षा, लग्नसराई, नोकरीची नोटीस हे सगळं त्यात बसवून बघा.

पायरी ५: नमुना

हंगामाच्या मध्यावर, कोणता आकडा खरोखर सडीची खबर देतो हे कळायला लागलं की नमुना बनवा. सुटे भाग पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन निवडता येतात. डबे-पेट्यांचं काम नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतले फॅब्रिकेटर दोन-चार नगांसाठीही करून देतात, फक्त चित्र मापांसह न्या.

चाळ ही प्रयोगशाळा नाही. कांद्याची सालपटं प्रत्येक फटीत जातात, उंदीर वायर कुरतडतात, ओलीनं जोड गंजतात आणि वीज असेलच असं नाही. बॅटरीवर पूर्ण हंगाम चालेल असंच डिझाइन धरा. रेडिओवरून माहिती पाठवणार असाल तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. मात्र त्यात वापरायच्या उपकरणाला दूरसंचार विभागाची मान्यता लागते, म्हणून आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल विकत घ्या. आपलं आपण रेडिओ सर्किट बनवण्यात हंगाम घालवू नका.

पहिले पाच नग स्वतः बसवा आणि स्वतःच दुरुस्त करा.

पायरी ६: भागीदारीचा कागद

दोघं मित्र आहात, ठीक. "आपल्यात काय लिहायचं?" असं म्हणू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकाला पुण्यात नोकरी लागते किंवा घरून दबाव येतो, आणि अर्धा हिस्सा त्याच्या नावावर असताना दुसरा एकटा राबतो. माझ्या डोळ्यांदेखत एक चांगलं काम याच कारणानं बंद पडलं. त्या दोघांत भांडण नव्हतं, फक्त कागद नव्हता.

कागदावर एवढं हवंच: कोण किती वेळ देणार, कोणी किती पैसे घातले, हिस्सा कसा मिळणार आणि सोडून गेल्यास काय. रूढ पद्धत अशी की हिस्सा चार वर्षांत थोडा थोडा आपलासा होतो, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही. यंत्राची कल्पना आणि वहीतली माहिती पुढे कंपनीच्या मालकीची होईल हेही लिहा. तुमच्यापैकी कोणी नोकरीत असेल किंवा कॉलेजची प्रयोगशाळा वापरली असेल, तर त्या संस्थेचा संशोधनावर हक्क लागतो का ते करारपत्रात आणि नियमांत बघून घ्या.

पायरी ७: पेटंट, प्रदर्शनाच्या आधी

डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा मोह होतो. थांबा. लोकांपुढे यंत्र उघडून दाखवलं की ते नवीन राहत नाही आणि पेटंटचा हक्क जाऊ शकतो. कायद्यात काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. एका गटानं मोठ्या हौसेनं स्टॉलवर यंत्राचं पोट उघडून दाखवलं, पत्रकं वाटली आणि अर्ज नंतर केला. वकिलानं तेच पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. दोन वर्षांच्या मेहनतीचं संरक्षण आठ रुपयांच्या छापील कागदानं घालवलं, हे बघताना फार वाईट वाटलं.

उपाय स्वस्त आहे. आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करा. व्यक्ती आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, वकिलाची फी वेगळी. त्यानंतर पूर्ण तपशिलाचा अर्ज करायला बारा महिने मिळतात, म्हणजे नेमका एक हंगाम. अर्ज दोघांच्या नावानं करून नंतर कंपनीला हस्तांतरित करता येतो.

कशाला पेटंट मिळत नाही तेही माहीत हवं. आपल्या १९७० च्या कायद्यातलं कलम ३ शेतीची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्राम वगळतं. "कांदा असा साठवा" याला पेटंट नाही. सडीची खूण पकडणाऱ्या उपकरणाची रचना नवी असेल, तर तिला मिळू शकतं. नावाचं ट्रेडमार्क वेगळं: व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना दर वर्गाला ४,५०० रुपये.

पायरी ८: आता कंपनी

कंपनीची वेळ कधी येते? मोठं गिऱ्हाईक करार मागतं, अनुदानाच्या अर्जात कंपनी लागते किंवा बाहेरचा माणूस पैसे घालायला तयार होतो. तोवर साध्या मालकीवर बिलं करता येतात. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, म्हणजे तुम्ही दोघं पुरे. गुंतवणूक कधीच घ्यायची नसेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सोपी पडते.

नोंदणीनंतरच्या तारखा भिंतीवर लावा. पहिला ऑडिटर तीस दिवसांत. धंदा सुरू केल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत. दरवर्षीची विवरणपत्रं उशिरा भरली तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये दंड. कंपनीत उलाढाल शून्य असली तरी यातून सुटका नाही.

दोन नोंदण्या लगेच करा. 'उद्यम' नोंदणी फुकट आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे गिऱ्हाइकानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, तो आधार या नोंदणीनं हातात येतो. दुसरी म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची, स्टार्टअप मान्यता. तीही फुकट आहे, दलालाला हजारो रुपये देऊ नका. अर्जात तुमच्या कामात नवीन काय ते विचारतात, तिथे वहीतले आकडे लिहा. मान्यता मिळाली म्हणजे आयकर माफ झाला असं मात्र नाही. पहिल्या दहातल्या सलग तीन वर्षांची ती सवलत वेगळा अर्ज करून, मंडळाच्या मंजुरीनंतर मिळते.

पायरी ९: पैसा

घरचे पैसे घेणार असाल तर ते बुडाले तरी घर चालेल एवढेच घ्या. जमीन गहाण टाकून नमुना बनवू नका. हे मी हात जोडून सांगतो.

नमुन्यासाठी अनुदान सगळ्यात योग्य, कारण हिस्सा द्यावा लागत नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधि-प्रयास योजना यंत्राच्या नमुन्यासाठी दहा लाखांपर्यंत मदत देते, आणि ती इन्क्युबेशन केंद्रांमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांमार्फत, मिळते. आपल्याकडे आयआयटी मुंबईचं साइन, पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे. गोव्यात फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को कॉलेजात फायर हे केंद्र आहे. राज्याच्या नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर सरकारी खात्याकडून चाचणीचं काम मिळतं. बक्षिसाच्या चेकपेक्षा असं काम मला मोलाचं वाटतं, कारण त्यानंतर दुसऱ्या खात्याला दाखवायला अनुभव तयार होतो.

गुंतवणूकदाराकडे जाण्याआधी तिसऱ्या पायरीचं पान काढा आणि चाळींच्या संख्येनं गुणा. बाजार लहान निघाला तर गुंतवणूक घेऊ नका. लहान बाजारात नफ्याचा छान धंदा होतो, पण गुंतवणूकदाराला अनेक पटींची वाढ लागते आणि ती तुमच्याकडून होणार नसेल तर दोघांचंही नुकसान होतं. काही कामांना वेळच लागतो. आयआयटी मुंबईतून २००७ मध्ये सुरू झालेली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज शेअर बाजारात आली २०२३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी.

पायरी १०: विक्री, वसुली आणि नोव्हेंबरचा निर्णय

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. शेतकऱ्याचा संशय रास्त असतो, कारण चूक झाली तर वर्ष त्याचं जातं. म्हणून गावात पहिली चाळ अशा माणसाची निवडा ज्याच्या चाळीत इतर जण येऊन बघतात, आणि यंत्र असलेल्या कप्प्याशेजारी यंत्र नसलेला कप्पा ठेवा. वजन सगळ्यांसमोर करा.

पैसे दोन हप्त्यांत घ्या, अर्धे चाळ भरताना आणि अर्धे माल विकल्यावर. चाळ भरताना शेतकऱ्याचा हात काढणीच्या मजुरीत अडकलेला असतो. लिलावाच्या पट्टीचे पैसे आल्यावर तो न मागता देतो, फक्त त्या आठवड्यात तुम्ही तिथे असायला हवं.

कधी कधी हंगामाअखेर दिसतं की यंत्र चालतं, पण गरज दुसरीच आहे. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून पुढे आलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या साथीदारांच्या एसफोरएस टेक्नॉलॉजीजकडे सौर वाळवणयंत्र होतं. वाळवलेला माल घेणार कोण, हा प्रश्न मात्र शेतकऱ्यापुढे उरतच होता. त्यांनी महिला शेतकऱ्यांकडून वाळवलेला माल स्वतः घेऊन खाद्यउद्योगांना विकायची साखळी उभी केली. पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार या कामाला मिळाला.

तुमचा निर्णय नोव्हेंबरात घ्यायचा असला तरी त्याच्या अटी एप्रिलमध्येच लिहा, दोघांच्या सह्यांनिशी. उदाहरणार्थ: दहापैकी सहा चाळींत सड मोजता येईल इतकी कमी झाली, सात जणांनी दुसरा हप्ता दिला आणि पाच जणांनी पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम दिली, तर पुढचं वर्ष पूर्णवेळ. यातलं एकच झालं, तर नोकरी सांभाळून आणखी एक हंगाम. एकही झालं नाही, तर मापक काढून आणा, शेतकऱ्यांचे उरलेले पैसे परत करा आणि वही जपून ठेवा. तो कागद चाळीच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.